पॅकेजला कोणाची साथ हवी?

डिपेंडन्सी म्हणजे एका सॉफ्टवेअर पॅकेजला चालण्यासाठी लागणारं दुसरं पॅकेज. सगळ्याच गरजा सारख्या नसतात, म्हणून डेबियन लिनक्सने त्यांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत.

• डिपेंड्स: याशिवाय पॅकेज बसतच नाही.
• रेकमेंड्स: क्वचित अपवाद वगळता सोबत असावंच असं. डेबियन ५ पासून (फेब्रुवारी २००९) पॅकेज बसवणारं 'आप्ट' हे साधन अशी पॅकेजं आपणहून बसवतं. नको असल्यास तसं सांगावं लागतं.
• सजेस्ट्स: असलं तर सोय, नसलं तरी काही अडत नाही.

मराठी उदाहरण: लिब्रेऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासायला 'हन्स्पेल'चा मराठी शब्दकोश लागतो. तो नसला तरी मजकूर टाइप होतो. चुकांखाली लाल रेघ तेवढी उमटत नाही. देवनागरी फाँटच नसेल, तर मात्र अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

रेड हॅट, फेडोरा या लिनक्स वितरणांच्या आरपीएम या पॅकेज व्यवस्थेत अशा सौम्य गरजा ४.१२ आवृत्तीपासून (२०१४) आल्या. आर्च लिनक्समध्ये त्यांची फक्त यादी दिसते, बसवायचं आपण.

जादा साथीची किंमत: मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्यासाठीच्या ओपनएसएसएचला या साधनाची मुळात गरज नव्हती. काही लिनक्स वितरणांनी त्याला 'सिस्टमडी' या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेड आत आलं. हिंजवडी आयटी पार्कपासून जगभर, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तेव्हा आपापल्या यंत्रांवर एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या शोधाव्या लागल्या.