सुईने गोवर आणला का?



पाड्यावर लसीकरणाच्या कामात मदत करणाऱ्या कार्यकर्त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : “चार दिवसांमागं पोराला सुई दिली, आज अंगभर गोवर उठला. मग सुईनंच आणला ना?”

असे विचारणाऱ्या आईला अडाणी म्हणू नये. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी तिने पाहिल्या आणि जोडल्या. २०२१ मध्ये आपल्या मंडळ्यांतूनही हेच ऐकू येत होते. लस घेतली, आठवड्यात ताप आला, तपासणीत करोना निघाला, आणि “लसीनेच झाला” ही बातमी घरोघर गेली. खरे तर कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींत करोना होऊ शकेल असा विषाणू नव्हता. साथ जोरात असताना अनेकांना लस घेण्याआधीच, किंवा लसीचे संरक्षण तयार होण्याच्या आत, संसर्ग झालेला होता. त्यांना ते ठाऊक नव्हते, इतकेच.

गोवराचा हिशेब बोटांवर मांडता येतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात. पहिले दहा-बारा दिवस मूल खेळते, जेवते, हसते. मग ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे, आणि नंतर पुरळ. म्हणजे सुईनंतर चौथ्या दिवशी पुरळ उठला, तर विषाणू सुईच्या सुमारे दहा दिवस आधीच शिरलेला होता. कदाचित आठवडी बाजारात, कदाचित वीटभट्टीवरून परतताना भरलेल्या जीपमध्ये. गोवराचा रोगी उठून गेल्यावरही त्या बंद जागेतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो.

मग अशा मुलाला लस दिली ती वाया गेली का? उत्तर दिवसांवर अवलंबून आहे. संसर्ग आणि लस यांची ही शर्यत असते. गोवराच्या रोग्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. त्यानंतर दिलेली लस तो आजार बहुधा थांबवू शकत नाही. पण आत शिरलेल्या गोवराला ती वाढवतही नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यात हीच शर्यत आपण जिंकतो, कारण तो विषाणू मेंदूपर्यंत पोहोचायला बहुधा आठवडे किंवा महिने घेतो. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावल्यानंतरच लस दिली होती. आजही चावा लागताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठायचा असतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

एक गोष्ट लपवू नये. गोवर-रुबेलाच्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. त्यामुळे काही मुलांना लसीनंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी ताप किंवा बारीक पुरळ येतो. तो बहुधा आपोआप जातो आणि दुसऱ्या मुलाला लागत नाही. पण हा पुरळ कोणता, हे आपण अंदाजाने सांगू नये. आरोग्य केंद्रात दाखवावे.

हे सगळे कळणे का महत्त्वाचे? एका घरात “सुईने गोवर आला” असे ठरले, की पुढच्या लसीकरणाच्या दिवशी शेजारच्या चार घरांची दारे बंद राहतात. नेमकी तीच मुले धोक्यात असतात. कुपोषित बालकाला गोवर झाला तर न्यूमोनिया आणि जुलाब जीव घेतात, डोळेही जाऊ शकतात.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आणि भेटीला येणाऱ्या आपणा सर्वांना विनंती :

पहिली, हे सुईच्या आधी सांगा. “ताई, बाळाच्या अंगात गोवर आधीच शिरला असेल तर तो सुईनंतरही निघू शकतो.” आधी सांगितले तर ती माहिती असते, नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

दुसरी, घरात किंवा भट्टीवर कुणाला गोवर झाला होता का, हे विचारा आणि नर्सबाईंना कळवा. साध्या सर्दीसाठी लस चुकवू नये. जास्त ताप असेल तर निर्णय त्यांचा.

तिसरी, पुरळ दिसला तर आशाताईंना लगेच सांगा. मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस मिळायला हवेत. त्याचे खाणेपिणे, अंगावरचे दूध तोडू नये. धाप लागली, जुलाब झाले किंवा मूल पाणी घेईना, तर दवाखान्यात न्यावे.

चौथी, कार्ड पाहा. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. स्थलांतरात चुकलेला डोसही देता येतो का, हे उपकेंद्रात विचारा.

आणि लसीनंतर दोन आठवड्यांच्या आत त्या घरी एक फेरी नक्की मारा. ताप आला असेल तर त्या आईजवळ बसायला कुणीतरी असले पाहिजे. त्या दिवशी गेलो, तर पुढच्या वेळी तीच शेजारणीला लसीकरणाला घेऊन येईल.