शरीर आणि व्यसन : लेखांक ६
टर्की

गर्दचा मेंदूवर काय परिणाम होतो ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज पुडी मिळाली नाही की काय होतं, त्याविषयी. गर्द ओढणारी मुलं या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात.

शेवटचा झुरका घेऊन आठ-दहा तास झाले की जांभया सुरू होतात. एकीमागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नाक गळू लागतं. घरच्यांना वाटतं, सर्दी झाली असेल. मग घाम फुटतो आणि त्याच वेळी हुडहुडी भरते, अंगावर सरसरून काटा येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. कंबर आणि पिंढऱ्या आतून ठणकायला लागतात. पाय एका जागी राहत नाहीत. मुलगा रात्रभर पांघरुणाखाली पाय झाडत राहतो. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टिपेला पोचतं आणि साधारण आठवड्याभरात ओसरतं. झोप मात्र त्यानंतरही बरेच दिवस रुसलेली असते.

मेंदूच्या देठात ‘लोकस सेरुलियस’ नावाचा पेशींचा इवलासा पुंजका आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडून शरीराला जागं, सावध ठेवणं हे त्याचं काम. गर्दमधलं हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं आणि ते या पेशींना दाबून ठेवतं. रोजच दाब पडू लागल्यावर पेशीही जास्त जोर लावायला शिकतात. हँडब्रेक ओढलेलाच ठेवून गाडी पळवायची, तर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. ब्रेक एकदम सुटला की गाडी उधळते, तसंच हे. क्लोनिडिन हे खरं तर रक्तदाबाचं औषध, पण ते नेमक्या याच पेशींना शांत करतं, म्हणून टर्कीतही वापरतात. आतड्यांचंही तेच. गर्दने त्यांची हालचाल मंदावलेली असते. दाब उठला की जुलाब लागतात.

मनाची अवस्था याहून कठीण. जीव घाबरा होतो, चिडचिड होते, घड्याळाचा काटा हलत नाही. आणि एका पुडीने हे सारं काही मिनिटांत थांबेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आईचे दागिने याच तासांत विकले जातात. मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की या दिवसांतल्या वागण्यावरून मुलाची किंमत करू नका.

आणि त्याला खोलीत कोंडूही नका. दारू अचानक सोडल्यावर येणारे झटके जिवावर बेतू शकतात. टर्कीने सहसा तसं होत नाही. पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होणं धोक्याचंच. गरोदर बाईने तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करूच नये. सगळ्यात मोठा धोका टर्की संपल्यावर असतो. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात जुन्याच मापाने पुडी उघडतो. तेवढ्याने श्वास बंद पडतो.

ब्युप्रेनॉर्फिनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या, तर ही टर्की पुष्कळच सुसह्य होते. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, तिला पैसे पडत नाहीत. घरात जांभया सुरू झाल्या असतील, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता फोन करा.

(क्रमशः)