कृपा म्हणजे मजुरी नव्हे

'काय, कसं चाललंय?' असं कुणी विचारलं की आपण सहज म्हणून जातो, 'देवाच्या कृपेने बरं आहे.' कृपा हा शब्द इतका जिभेवर बसलाय की त्याच्या अर्थापाशी आपण थांबतच नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र या एका शब्दाभोवती सगळं फिरतं. आपण काही केलं म्हणून देव देतो, ती कृपा नव्हे. आपली लायकी न बघता, केवळ प्रेमापोटी तो देतो, ती कृपा.

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याच्या मालकाने काही मजूर पहाटेच कामाला लावले, काही दुपारी, तर काही दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवली. पहाटेपासून राबलेले कुरकुरले. खरं सांगा, आपणही कुरकुरलो असतो ना? 'इतकी वर्षं मी या घरासाठी झिजले आणि कौतुक कालच आलेल्या धाकट्या जावेचं!' हे वाक्य कुठल्या गावात ऐकू येत नाही? आपला सगळा संसार हिशेबावर चालतो. म्हणूनच कृपा ऐकायला गोड आणि पचवायला जड.

हीच कृपा परक्या मुलखात शिकवायला गेलेली आणि शिकवता शिकवता स्वतःच शिकत राहिलेली एक बाई म्हणजे इझोबेल कून. तिचा जन्म १९०१ चा, कॅनडातल्या टोरांटोचा. घर श्रद्धाळू. पण कॉलेजात एका प्राध्यापकाने तिला सुनावलं की तिची श्रद्धा ही केवळ आईवडिलांकडून ऐकलेली आहे. ते तिच्या मनाला इतकं लागलं की तिने देवाचं नावच सोडलं. पुढे ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने दगा दिला. जगणंच नको, असं वाटण्याइतकी ती खचली. त्या अंधारात तिने देवाला पुन्हा हाक मारली, तीही अटी घालून : तू खरा असशील तर मला तसं दाखव. आपण पाठ फिरवली तरी देवाने फिरवली नाही, हा तिचा कृपेचा पहिला धडा.

शिकागोच्या बायबल कॉलेजात शिकून १९२८ मध्ये ती मिशनरी म्हणून चीनला गेली. दुसऱ्या वर्षी जॉन कून यांच्याशी लग्न झालं. नवा संसार म्हणून तिने हौसेने घर सजवलं, छानसा गालिचा अंथरला. गावातल्या बायका भेटायला आल्या. एकीने नाक शिंकरून हात गालिच्याला पुसले, तर दुसरीच्या बाळाने तो ओला केला. इझोबेलचा जीव वरखाली झाला! मग तिच्या लक्षात आलं, ज्यांच्यावर प्रेम करायला आपण समुद्र ओलांडून आलो, त्यांच्यापेक्षा आपल्याला गालिचा प्यारा होऊ लागलाय. तिने ठरवलं, वस्तू गेल्या तरी चालतील, दार उघडं राहील. देवाच्या प्रेमाचं व्याख्यान देणं सोपं असतं, मैत्रिणींनो. ते प्रेम बाहेरच्या खोलीतच कसाला लागतं.

१९३४ मध्ये हे जोडपं युन्नान प्रांतात, साल्विन नदीच्या खोल दरीत लिसू लोकांमध्ये राहायला गेलं. उभ्या चढणीवरची शेतं, दोराला लटकून ओलांडायची नदी. या लोकांच्या भाषेला पूर्वी लिपीच नव्हती. जेम्स फ्रेझर या इंग्रज मिशनऱ्याने सहकाऱ्यांसोबत ती तयार केली आणि १९३६ मध्ये लिसूत नव्या कराराचं भाषांतर पूर्ण झालं. पुस्तक आलं, पण ते शिकवायचं कधी? पावसाळ्यात डोंगरातल्या वाटा निसरड्या, गावोगाव फिरणं अवघड. मग हेच दिवस शाळेचे, असं इझोबेलने ठरवलं. १९३८ मध्ये पावसाळी बायबल शाळा सुरू झाली. आठवडाभर शिकायचं आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवर जाऊन ते सांगायचं. पुढे मुलींसाठीही वेगळा वर्ग निघाला. लहानपणीच लग्न ठरणाऱ्या, वधूमूल्याच्या हिशेबात मोजल्या जाणाऱ्या या मुली. त्यांना कुणीतरी सांगत होतं, की देवाकडे तुमची किंमत कुणी ठरवत नाही. तुम्ही त्याला हव्या आहात, बस्स!

शिकवणारीची परीक्षाही चालूच होती. मुलगी कॅथरीन दूर चीफूच्या शाळेत शिकत होती. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ती शाळा जपान्यांच्या ताब्यात गेली. लेक शत्रूच्या कैदेत आणि आई डोंगरात! पुढे लेकीची सुटका झाली, पण मधल्या काळात त्या आईने काय सोसलं असेल, ते आपण जाणतोच. 'मी देवासाठी एवढं केलं, मग माझ्याच लेकराला का?' हा पहाटेच्या मजुराचा सवाल. तिला एवढंच धरून राहता आलं, की देवाचं प्रेम म्हणजे आपल्या कामाचा मोबदला नव्हे. म्हणूनच कठीण दिवस आले म्हणजे ते प्रेम आटलं, असंही नव्हे.

१९५० मध्ये, चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यावर, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ती बर्फाळ खिंडीतून ब्रह्मदेशात उतरली. नंतर थायलंडमधल्या लिसूंमध्ये काम करताना कर्करोगाचं निदान झालं. १९५७ मध्ये ती गेली, अखेरपर्यंत लिहीत होती.

आणि ती लिसू मंडळी? परदेशी शिक्षक गेले, पुढे प्रार्थनाघरं बंद झाली, सांस्कृतिक क्रांतीचा कठीण काळ आला. तरी श्रद्धा टिकली, वाढलीसुद्धा. कारण फ्रेझरने सुरुवातीपासून एक पथ्य पाळलं होतं : परदेशी पैशावर मंडळी पोसायची नाही. लिसूंनी आपली प्रार्थनाघरं आपणच बांधायची, आपले उपदेशक आपणच सांभाळायचे. दिलं, पण उपकाराची दोरी बांधून ठेवली नाही.

मला वाटतं, कृपेची खूण हीच. आपण मुलांना, सुनेला, धाकट्या भावंडांना खूप देतो आणि दोरी मात्र हातात ठेवतो. 'मी तुझ्यासाठी काय नाही केलं?' असं म्हणून अधूनमधून ती ओढतोही. याचा अर्थ कुणीही राबवून घ्यावं आणि बाईने मुकाट्याने राबावं, असा अजिबात नाही. कृपा पहिल्यांदा आपल्यासाठी आहे. स्वयंपाक बिघडला, नोकरी गेली, अंथरुणाला खिळलो, तरी देवाच्या लेखी आपलं मोल कमी होत नाही. हे ज्या बाईला आतून पटलं, तिला दिलेल्याची वही ठेवावी लागत नाही.