मुंबई ते दिल्ली: सव्वादोन तास कुठे जातात?

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर आहे. राजधानी एक्सप्रेस वडोदरा, कोटा असं वळत जाते, म्हणून तिला १,३८० किलोमीटरहून जास्त धावावं लागतं. पूर्ण उंचीवर पोहोचलेलं जेट विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. सरळ भागाकार केला तर उत्तर येतं एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. मधला जवळपास तासभर कुठे जातो?

तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत ते जागेवर थांबलं की बंद होतं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं वाहतूक चालवता येत नाही आणि बहुतेक भार मुख्य धावपट्टीवरच पडतो. गर्दीच्या वेळी रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. बरेचदा विमान पश्चिमेला, समुद्राच्या दिशेनं उठतं आणि मग उत्तरेकडे वळतं, म्हणजे सुरुवातच थोड्या वळशानं होते.

चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि तोवर पूर्ण वेग मिळत नाही. उतरण्याचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो बोटांवर करता येतो. जितके हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची. विमान ३५ हजार फुटांवर असेल तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर. जयपूरचं विमानतळ दिल्लीपासून याहून थोडंसंच लांब आहे. त्या सुमारास कानांना दडे बसू लागतात ते यामुळेच.

उंचीलाही नियम आहे. पूर्वेकडे कल असलेली विमानं ३५, ३७ अशा विषम हजारांवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारी ३४, ३६ अशा सम हजारांवर. दिल्लीकडे जाणारा मार्ग उत्तरेचा असला तरी थोडा पूर्वेला झुकलेला आहे, म्हणून जाताना विषम, येताना सम. समोरासमोरच्या विमानांत हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं.

राहिला वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावरून पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. दिल्लीकडे जाताना ते थोडे पाठीशी असतात, परतताना थोडे तोंडावर येतात. फरक काही मिनिटांचा. मुंबई–लंडन मार्ग साधारण ७,२०० किलोमीटरचा आणि बराचसा पश्चिमेकडे. तिथे जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो.

विमान कंपन्या हे सगळं धरून, वर थोडी सूट ठेवून वेळापत्रक आखतात. म्हणूनच उशिरा निघालेलं विमानही कधीकधी वेळेवर पोहोचतं. पण डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यापुढे ही सूट पुरत नाही. दोन विमानांच्या उतरण्यात जास्त अंतर ठेवावं लागतं आणि मागची विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. त्या दिवसांत दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर पहाटेच्या विमानावर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी पोहोचा, नाहीतर पुढचं विमान दुपारनंतरचं घ्या.