शिधापत्रिकेवरून पूर्वजांचा शोध

पणजोबांचें नांव पुष्कळांना सांगतां येतें; पणजीचें नांव सांगणारा विरळा. हा केवळ स्मरणशक्तीचा दोष नव्हे. जमिनीच्या कागदांत बहुधा पुरुष खातेदाराचें नांव लागे, आणि ज्याच्याजवळ जमीनच नव्हती त्याचें नांव दप्तरांत क्वचितच येई. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत असा एक प्रसंग आला कीं, धनिक असो वा मजूर, शहरांतील घराघरांतील माणसें सरकारला मोजावीं लागलीं. तो प्रसंग म्हणजे शिधावाटप, अर्थात् आपण बोलतांना म्हणतों तें रेशनिंग.

मार्च १९४२ मध्यें रंगून शहर जपानी फौजांच्या हातीं पडलें आणि ब्रह्मदेशांतून येणारा तांदूळ बंद झाला. भाव चढले व धान्याची टंचाई पडली. अखेर २ मे १९४३ पासून मुंबई शहरांत धान्याचें नियंत्रित वाटप सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि लोक अन्नावांचून मरण पावले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या व्यवस्थेचें महत्त्व कळून येईल. शिधा सर्वांना न्यायानें द्यावयाचा तर कोणाच्या घरीं खाणारीं तोंडें किती, हें आधीं कळलें पाहिजे. म्हणून धान्य मोजण्यापूर्वीं माणसें मोजावीं लागलीं. आणि घराण्याचा शोध घेणाऱ्यास याच मोजणीचा उपयोग होतो.

जुनी शिधापत्रिका हातीं आली तर ती घाईनें वाचूं नये. कुटुंबप्रमुखाचें नांव, पत्ता, दुकान, शिक्क्यावरील तारीख व युनिटांची संख्या, यांपैकीं जें जें दिसेल तें निराळ्या कागदावर उतरून घ्यावें. मोठ्या माणसाचा एक युनिट व लहान मुलाचा अर्धा, अशी धरण्याची रीत असे. समजा, पत्रिकेवर साडेतीन युनिट आहेत. तर घरांत तीन मोठीं माणसें व एक मूल असेल. किंवा दोन मोठीं माणसें व तीन मुलें असतील. यांतील खरें कोणतें, हें एकट्या पत्रिकेवरून ठरत नाहीं. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख, जन्ममृत्यूची नोंद, किंवा ख्रिस्ती कुटुंब असल्यास देवळांतील बाप्तिस्म्याचें पुस्तक, यांच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे उलगडा होतो. पुढील काळांतील पत्रिकांवर तर घरांतील माणसांचीं नांवें, वयें व कुटुंबप्रमुखाशीं नातीं लिहिलेलीं आढळतात. पणजीचें नांव सांपडण्याचा संभव तेथें अधिक. तारखेकडेहि लक्ष असावें, कारण डिसेंबर १९४७ मध्यें सरकारनें नियंत्रणें उठविण्यास आरंभ केला व १९४८ च्या उत्तरार्धांत तीं पुन्हां आणिलीं.

मात्र पत्रिका म्हणजे वेदवाक्य नव्हे. चार दाणे अधिक मिळावे म्हणून मृताचें नांव कमी न करणें, गांवीं गेलेल्या भावाचें नांव तसेंच ठेवणें, असे प्रकार घडत. वय पुष्कळदां अंदाजानेंच सांगत. पत्ता एकाएकीं बदललेला दिसला तर त्या वर्षीं काय घडलें तें पाहावें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. आसपासच्या वस्तींतील हजारों लोक बेघर झाले व धान्याचे साठेहि जळाले. मांडवीचा पत्ता त्यानंतर नाहींसा झाला, तर कारण येथें असूं शकेल.

इंग्लंडांतील उदाहरण बोधप्रद आहे. तेथें २९ सप्टेंबर १९३९ रोजीं घरोघरच्या माणसांची नोंद केली गेली. तीवरून ओळखपत्रें दिलीं, आणि ८ जानेवारी १९४० पासून सुरू झालेल्या शिधावाटपासहि तीच उपयोगी पडली. तेथील १९३१ च्या शिरगणतीचे कागद १९४२ मध्यें आगींत जळाले व १९४१ सालीं शिरगणती झालीच नाहीं. त्यामुळें ही नोंदवही अमोल ठरली. हयात असूं शकणाऱ्यांच्या नोंदी झांकून २०१५ सालीं ती लोकांस खुली करण्यांत आली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानें व्यक्तीची माहिती गुप्त ठेविली आहे. म्हणून घरच्या पेटींतील पत्रिकेचें मोल येथें अधिकच.

नवी मुंबईच्या मुलांपुढें या शोधाच्या दोन वाटा आहेत. ज्यांचें घराणें बेलापूर, वाशी, तुर्भें, घणसोली अशा मूळ गांवांतील, त्यांचे पूर्वज १९४३ सालीं मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होते. त्यांनीं सातबारा, फेरफार व गांवची जन्ममृत्यूची नोंदवही पाहावी. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. साडेबारा टक्के योजनेखालीं भूखंड मागतांना वारस सिद्ध करावे लागतात. तेथें एका आत्याचें नांव सुटलें तरी भाऊबंदांत वर्षानुवर्षें तंटा चालतो. दुसरी वाट लालबाग, गिरगांव येथून इकडे राहावयास आलेल्या कुटुंबांची. त्यांचे आजे-पणजे रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून गिरणींत वा गोदींत कामास आले. शहरांतील त्यांचा पहिला लेखी माग कदाचित् ही पत्रिकाच असेल. तिजवरील चाळीच्या पत्त्यावरून जुने शेजारी सांपडतात, व शेजाऱ्यांकडून मूळ गांवाचा ठाव लागतो.

विद्यार्थ्यांनीं आरंभ कागदापासून न करितां माणसांपासून करावा. घरांतील वृद्धांस विचारावें, “तुमच्या लहानपणीं पंगतीला कोण कोण बसत असे?” उत्तर ऐकतांच तें लिहून काढावें. पालकांस विनंती इतकीच कीं, जुनी पेटी रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं तींतील प्रत्येक कागद उलगडून पाहावा. पत्रिकेच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. आणि पावसाळ्यापूर्वीं ती स्वच्छ, कोरड्या कागदांत गुंडाळून, वाळवी लागणार नाहीं अशा उंच जागीं ठेवावी.