एक शिंग ओलं, एक कोरडं

वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागलं की अनसिंग येतं. गावाचं नाव शृंगऋषींवरून पडलं असं सांगतात. त्यांचं मंदिरही इथे आहे. याच ऋषींचं, म्हणजे ऋष्यशृंगाचं, पाऊल पडताच दुष्काळी अंगदेशात पाऊस आला, ही पुराणातली गोष्ट. अशा गावात पावसाची खबर कशी पोचत गेली, हे पाहण्याजोगं आहे.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. तेव्हा खबर म्हणजे आकाशवाणी: विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. तुरळक म्हणजे आपलं शिवार की शेजारचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आलं. फोन लावून विचारता येऊ लागलं, पण फोनच मोजक्या घरांत.

खरा धक्का २००८ चा. पानं खाणाऱ्या अळीने सोयाबीनची चाळणी केली. त्यातून २००९-१० च्या हंगामात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोगांवर नजर ठेवणारा प्रकल्प सुरू झाला. कृषी सहायकाने ठरलेल्या शेतात जायचं, ओळीत वाकून अळ्या मोजायच्या, आकडे संगणकावर चढवायचे. कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ ते पाहून सल्ला देणार आणि तो एसएमएसने शेतकऱ्याकडे येणार. साध्या फोनवर मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत, हा भाग वेगळा. तरी माझ्या मते या सगळ्या वर्षांतली ही सर्वांत कामाची गोष्ट, कारण आकडा शिवारातून निघाला आणि उत्तर शिवारात परत आलं.

पुढच्या यंत्रांना ही परतीची वाट तितकीशी सापडली नाही. २०१७ पासून 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यात २,०००हून अधिक, महसूल मंडळागणिक एक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळं आपोआप नोंदलं जाऊ लागलं. पण मंडळात गावं कितीतरी आणि मापक एकच. पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं राहतं, हे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. मापकाशी ६० भरला आणि तुमच्या बांधावर ९० कोसळला, तर कागदावर तुमचा ६०च. नुकसानभरपाईच्या वेळी हा आकडा पहिल्यांदा कानी पडतो आणि वाद तिथूनच पेटतो.

आकडा लपवलेला नसतो. तो संकेतस्थळावर असतो. जिल्हा, तालुका, मंडळ निवडत गेलं की सापडतो. पण तिथवर जाणारा विरळा. त्यापेक्षा स्वतःचा हवामान अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा अंदाज व्हॉट्सअॅपवर दहा गटांतून आपसूक येतो. तो बरोबर येतो की नाही, हा मुद्दा बाजूला ठेवू. भाषा घरातली आणि तारीख ठाम, हे त्याच्या पसंतीचं कारण हवामान खात्याने कधी तरी समजून घ्यायला हवं. शेतीसाठी हवामान सल्ला देणारं 'मेघदूत' अॅप २०१९ ला आलं, विजेची सूचना देणारं 'दामिनी' आलं. चांगली आहेत, फोनमध्ये असली तर. २०२४ मध्ये मात्र देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली. तालुक्याचा सल्ला लिहिणारी माणसंच त्यात गेली.

आता २०२३ च्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. बसोत. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये बजावतो. मग आपल्या गावात आजवर किती झाला, हे पेरणाऱ्याला वापसा पाहताना कळायला नको? दुबार पेरणीचं बियाणं त्याच्याच खिशातून जातं.

सरपंचांनी एवढं करावं: ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी साडेआठनंतर खडूने दोन आकडे लिहावेत, कालचा पाऊस आणि जूनपासूनचा.