शेवटच्या नळाचा जोर कोण खातो?

नळाला पाणी आले नाही की पहिली बोलणी खातो तो पाणी सोडणारा कामगार. एका गावी अशाच एका कामगाराचा पगार कापला गेला. संघटनेचा माणूस म्हणून मी चौकशीला गेलो. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडलेला. तरी शेवटच्या आळीत करंगळीएवढी धार. मग चोर कोण? माझी शाळा थोडीच झाली. पण एका जुन्या फिटरने आणि पुस्तकांनी मला उत्तर शिकवले. चोर नळातच असतो.

पाणी वाहताना नळाच्या भिंतीला घासते आणि आपल्यातच घुसळते. त्यात जोर खर्ची पडतो व त्याची उष्णता होते. पण ती इतकी थोडी की हाताला कळत नाही. फ्रान्समधील दिजाँ शहराला पाणी पुरविणारा इंजिनियर हेन्री डार्सी याने नळांवर केलेले प्रयोग 1857 साली प्रसिद्ध झाले. हिशेब असा : लांबी दुप्पट, तर नाश दुप्पट, वेग दुप्पट, तर नाश सुमारे चौपट. आणि तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून दामटले, तर नाश सुमारे 32 पट!

आता रेणापूरच्या शिवारातले उदाहरण कल्पा. पाणी 15 मीटर चढवायचे आहे. नळ 500 मीटर लांब, व्यास 100 मिलिमीटर, वेग सेकंदाला दीड मीटर. घर्षणापायी आणखी सुमारे साडेअकरा मीटर चढविण्याइतका जोर जातो. काटकसर म्हणून 75 मिलिमीटरचा नळ घातला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाचे सुमारे 48 मीटर पडतात. एकूण साडेसव्वीसचे त्रेसष्ट झाले! नळात वाचविलेले पैसे विजेच्या बिलात वर्षानुवर्षे भरावे लागतात. शिवाय एक काटकोनी कोपर अशा सरळ नळाच्या तीन-चार मीटरांइतका जोर खातो. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह तर कित्येक कोपरांइतका.

त्या आळीचा नळ मागाहून जोडत नेलेला, अरुंद आणि कोपरांनी भरलेला होता. हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा कपात मागे घेतली गेली.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याचे मोल आपणांस कुणी शिकवायला नको. ते ढकलण्याचेही मोल जाणू या. मोठी मोटार मागण्याआधी नळ मोजा. आणि माणसाला दोष देण्याआधीही नळच मोजा.